विषय: नाइट्स ऑफ कोलंबसचा हॉल आणि आपला मदतनिधी

प्रेषक: माजी अध्यक्ष

नमस्कार मंडळी,

गणपतीला नाइट्स ऑफ कोलंबसचा हॉल घ्यायचं ठरल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं, ही माणसं कोण? ही अमेरिकेतल्या कॅथलिक पुरुषांची, एकमेकांना मदत करणारी संघटना. कनेक्टिकट राज्यात न्यू हेवनमध्ये चार कोपऱ्यांना चार गोल मनोरे असलेली २३ मजली इमारत आहे ना, ती त्यांची. सुरुवात मात्र झाली ती तिथल्याच सेंट मेरी चर्चच्या तळघरात, ऑक्टोबर १८८१ मध्ये. फादर मायकेल मॅकगिव्हनी तेव्हा २९ वर्षांचे होते. वडील वॉटरबरीच्या पितळेच्या कारखान्यात ओतारी. ते वारले तेव्हा थोरला मुलगा मायकेल पाद्री व्हायचं शिक्षण घेत होता, त्यामुळे कर्ता माणूस गेला की घराचं काय होतं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

आयरिश कामगारांच्या वस्तीत हे रोजचंच. बाप गेला की कोर्ट विचारायचं, मुलांना सांभाळणार कोण? हमी देणारं कोणी नसेल तर मुलं घरापासून तुटायची. १८८२ मध्ये अल्फ्रेड डाउन्स या पोरसवदा मुलाचं प्रकरण कोर्टात आलं आणि फादर स्वतः त्याचे पालक म्हणून उभे राहिले. पण एक माणूस किती घरांना पुरा पडणार? २९ मार्च १८८२ रोजी कनेक्टिकटने संस्थेला मान्यता दिली. सभासद गेला की बाकीच्यांनी वर्गणी काढायची आणि ती त्याच्या बायकोच्या हातात ठेवायची, अशी सुरुवात होती. पुढे त्याचा रीतसर विमा झाला. फादर स्वतः १८९० मध्ये न्यूमोनियाने गेले, अवघ्या ३८ व्या वर्षी.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्या बाईला कोणाकडे हात पसरावा लागत नव्हता. नवऱ्याने वर्गणी भरली होती, पैसे तिच्या हक्काचे होते. आपल्याकडे एक सभासद अचानक गेले तेव्हा आपण ऑनलाइन वर्गणी काढली. लोकांनी भरभरून दिलं, त्याबद्दल शंकाच नाही. पण वहिनींच्या घरची परिस्थिती शेकडो अनोळखी लोकांनी वाचली. हे पुन्हा होऊ नये. मंडळाचा कायमचा मदतनिधी हवा.

-----

प्रेषक: वसईकर

काका, मनापासून पटलं. आमच्या चर्चमध्ये ही मंडळी ईस्टरच्या आधीच्या चाळीसाच्या उपवासात शुक्रवारी मासे तळतात, थंडीच्या आधी मुलांना नवे कोट वाटतात. दुकानाच्या दाराशी पिवळा एप्रन घालून देणगी घेऊन टुट्सी रोलच्या चॉकलेट गोळ्या देणारे आजोबा तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील. तो पैसा मतिमंद मुला-माणसांच्या संस्थांना जातो. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी त्यांनी विश्रांतीगृहं चालवली, तिथे धर्म न विचारता सगळ्यांना आत घेत आणि सगळं फुकट असे.

आपल्या बाजूलाही असं होतंच की. धोबीतलावला गोव्याच्या एकेका गावाची कूड असायची. बोटीवरून उतरलेला खलाशी तिथे पेटी ठेवायचा, स्वस्तात राहायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर रोझरीच्या प्रार्थनेला बसायचा. गिरणगावातल्या कोकणी गावकऱ्यांच्या खोल्याही त्याच वळणाच्या. परक्या शहरात आपला माणूस उघड्यावर पडू नये, एवढ्यासाठीच सगळं.

-----

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य

निधीला माझा पाठिंबा आहे. पण संस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. सभासदत्व फक्त कॅथलिक पुरुषांना. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहाविरुद्धच्या मोहिमेला त्यांनी दहा लाख डॉलरच्या वर दिले, आणि आपल्या काही सभासदांच्या ते मनाला लागतं. त्यांनाही त्या हॉलमध्ये यायचंय. कोलंबसच्या नावाला आक्षेप आहेतच. कॅथलिक माणूस परका नाही, हे ठसवायला त्या काळी ते नाव घेतलं होतं. आणि त्याची गरजही होती. १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅन ही कॅथलिकांचाही द्वेष करणारी वर्णद्वेषी संघटना जोरात होती, ओरेगॉन राज्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळेचीच सक्ती करणारा कायदा केला, म्हणजे कॅथलिक शाळांवरच घाला. त्याविरुद्धच्या लढ्यात नाइट्स उतरले आणि १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द ठरवला. हॉल घ्यावा असंच माझं मत आहे, पण ही चर्चा उघडपणे व्हावी.

-----

प्रेषक: खजिनदार

चर्चा जरूर होऊ दे, हॉलचा विषय मी स्वतंत्र मांडतो. निधीबद्दल एक अडचण आहे. ‘सभासद गेला की अमुक रक्कम देऊ’ असं लिहून दिलं की तो विमा झाला, त्याला राज्याचा परवाना लागतो. नाइट्सकडे ते सगळं आहे, आपल्याकडे नाही. त्यामुळे ठराव असा लिहावा: वार्षिक वर्गणीतून ठराविक भाग बाजूला काढायचा, तातडीच्या खर्चाला, म्हणजे अंत्यविधी, भारताचं तिकीट, महिन्याचं भाडं, लगेच मदत द्यायची. निर्णय तिघांच्या समितीचा, नावं गुप्त. शिवाय प्रत्येकाने स्वतःचा टर्म विमा काढावा म्हणून माहितीची एक बैठक घेऊ. एच-वन व्हिसावरच्या तरुण जोडप्यांना नोकरी गेली की कंपनीचा विमाही जातो, हे बऱ्याचदा माहीत नसतं.

काका, मसुदा तुम्ही लिहाल का? रविवारच्या सभेच्या आधी वाचायला मिळाला तर बरं.