मदत हवी आहे : रॉबर्ट स्प्रॉट या स्कॉटिश लॉन बोल्स खेळाडूबद्दल

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियासाठी रॉबर्ट स्प्रॉटवर छोटा लेख लिहितोय. १९३४ च्या लंडनच्या एम्पायर गेम्समध्ये (आजचे राष्ट्रकुल खेळ) लॉन बोल्सच्या (हिरवळीवर मोठे चेंडू घरंगळवत एका छोट्या चेंडूच्या जवळात जवळ नेण्याचा खेळ) पुरुष एकेरीचं सुवर्ण या स्कॉटिश गड्याने जिंकलं. त्यानंतर स्कॉटलंडला हे पदक थेट १९८२ मध्ये, ब्रिस्बेनला विली वूडने मिळवून दिलं. म्हणजे ४८ वर्षं! आणि हे त्या देशाचं, जिथे ग्लासगोच्या डब्ल्यू. डब्ल्यू. मिचेलने १८४९ मध्ये या खेळाचे नियम बांधले. (त्याच लंडनच्या स्पर्धेत आपल्या रशीद अन्वरने कुस्तीत कांस्य मिळवलं होतं, तेही फारसं कुणाला आठवत नाही.)

पदकांच्या यादीपलीकडचा स्प्रॉट मला हवाय. तो कोणत्या क्लबकडून खेळायचा? पोटापाण्याचा उद्योग काय होता? अंतिम सामन्याचे गुण कुठे छापलेत का? १८९२ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश बोलिंग असोसिएशनची जुनी वार्षिकं कुठे पाहायला मिळतील?

ग्लासगो-एडिनबराकडे कुणी राहत असेल, तर मिचेल लायब्ररीत किंवा नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट १९३४ ची वर्तमानपत्रं चाळून द्याल का? पानाचा फोटो पुरेल, पण वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसू द्या, नाहीतर संदर्भ म्हणून चालत नाही.

आणखी एक : ‘जॅक’ (लक्ष्य असलेला छोटा चेंडू) आणि ‘बायस’ (मोठ्या चेंडूचा एका बाजूला वळण्याचा कल) हे शब्द तसेच ठेवतोय. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये आपल्या मुलींनी या खेळात सुवर्ण जिंकल्यापासून ते बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेत. चालेल ना?