गृहकर्ज थकलं, १३(२) ची नोटीस आली. पुढे काय काय होतं? सल्ला हवा

भांडुप_पश्चिम:
भांडुपला वन बीएचके, नवरा-बायको दोघांच्या नावावर. कर्ज २७ लाख शिल्लक, हप्ता २९ हजार, पाच हप्ते थकलेत. परवा स्पीड पोस्टाने नोटीस आली, ६० दिवसांत सगळीच्या सगळी रक्कम भरा म्हणून. घर लगेच जातं का? थकलेले हप्ते भरले तर थांबतं का? आणि स्वतः विकता येतं का? बँकेच्या साइटवर ‘फोरक्लोजर’ शोधलं तर तिथे कर्ज मुदतीआधी फेडायचा फॉर्म निघतोय.

खातेवही:
आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे बँका फोरक्लोजर म्हणतात ते मुदतीआधी कर्ज फेडण्याला. सिनेमात ऐकता त्या फोरक्लोजरला इथे सरफेसी म्हणतात, म्हणजे गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन कर्ज वसूल करायचा २००२ चा कायदा. १३(२), १३(४) ही त्याचीच कलमं. त्यात बँकेला कोर्टात दावा लावावा लागत नाही, म्हणून तो अंगावर आल्यासारखा वाटतो. पण घर लगेच जात नाही. प्रत्येक पायरीला मुदत आहे आणि प्रत्येक पायरीला तुमच्यासाठी एकेक दार बंद होत जातं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे नोटिशीचं पाकीट जपून ठेवा आणि हातात पडल्याची तारीख त्यावर पेनाने लिहा. कायद्यात ६० दिवस नोटिशीच्या तारखेपासून धरलेत, त्यामुळे नोटिशीवरची तारीखही बघा.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं आणि बँकेला १३(२) ची नोटीस काढता येते. या ६० दिवसांत बँक ताबा घेऊ शकत नाही. तुम्ही मात्र बरंच करू शकता. लेखी उत्तर द्या. रक्कम जुळत नसेल, व्याज-दंड चुकीचा लागला असेल, भरलेला हप्ता जमा धरला नसेल, तर खातेउताऱ्यातली ओळ दाखवून लिहा. उत्तर मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेला कारणांसह लेखी कळवावंच लागतं. उत्तर शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्या आणि तेच रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा. फोनवर साहेबांशी बोलणं झालं याला पुढे काडीची किंमत नसते.

लेखणी_ठाणे:
हप्ते भरून थांबतं का, तर कागदावर बँक पूर्ण २७ लाख मागू शकते. पण सगळी थकबाकी, म्हणजे पाचही हप्ते, दंड आणि नोटिशीचा खर्च, एकत्र भरली तर बहुतेक बँका खातं नियमित करून घेतात. अर्धवट भरून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकबाकी पूर्ण भरल्याशिवाय एनपीएचा शिक्का निघत नाही. लोक दर आठवड्याला पाच-दहा हजार टाकत राहतात आणि वाटतं आपण भरतोय. तिकडे ६० दिवस संपतात. पाच हप्ते म्हणजे १ लाख ४५ हजार अधिक खर्च. एवढे एकदम उभे राहत असतील तर आजच शाखेत लेखी विचारा, नेमकी किती रक्कम भरली की कारवाई थांबेल.

कर्जदारांपैकी कोणी वारलं असेल तर कर्जासोबत घेतलेली विमा पॉलिसी आधी शोधा. ती कागदपत्रांच्या फाइलीत पडून असते आणि घरच्यांना पत्ताही नसतो.

खातेवही:
६० दिवसांनंतर १३(४). दारावर ताबा नोटीस लागते. बँकेचा अधिकारी दोन माणसं घेऊन येतो, कागद चिकटवतो, दारासकट फोटो काढतो. सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापून येतं, त्यातलं एक मराठी. सोसायटीत कुजबुज सुरू होते आणि घरचे इथेच खचतात. पण हा प्रतीकात्मक ताबा आहे. तुम्ही घरातच राहता, कुलूप तुमचंच असतं.

याच दिवसापासून ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, कलम १७ खाली अर्ज करता येतो. नुसत्या १३(२) वर तिथे जाता येत नाही. दिवाणी कोर्टात ‘स्टे’ काढून देतो म्हणत पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. कलम ३४ ने ते दार बंद आहे. डीआरटीत नुसतं ‘परिस्थिती बिकट आहे’ म्हणून स्थगिती मिळत नाही, चूक दाखवावी लागते: नोटीस बजावलीच नाही, आक्षेपाला उत्तर दिलं नाही, रक्कम चुकली. तिथे हरलात तर अपिलासाठी कर्जाच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते, ती फार तर २५ टक्क्यांपर्यंत खाली येते. म्हणून डीआरटीतला अर्ज पहिल्यांदाच नीट बांधा.

चाळ_नंबर_४:
प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे कर्जदाराची बाजू ऐकली जात नाही. आदेश निघाला की नेमलेला माणूस पोलीस घेऊन येतो, सामानाची यादी होते, पंचनामा होतो, सील लागतं. त्या दिवशी भांडू नका. यादी वाचा, चुकलं तिथे लिहून मगच सही करा. औषधं, मुलांची दप्तरं, मूळ दाखले आदल्या आठवड्यातच बाहेर काढून ठेवा.

भाडेकरू असेल तर वेगळं. नोटिशीच्या आधीचा नोंदणीकृत करार असेल तर त्याला डीआरटीत म्हणणं मांडता येतं. नोटिशीनंतर घाईने केलेला लिव्ह अँड लायसन्स चालत नाही, कलम १३(१३).

लेखणी_ठाणे:
स्वतः विकता येतं का, हा इथला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. विकता येतं, पण नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीनेच. आणि लिलावाची जाहिरात छापून येण्याच्या आत. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कर्ज फेडून घर सोडवायचा हक्क त्या जाहिरातीबरोबर संपतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात हेच स्पष्ट केलं. ‘लिलावाच्या दिवसापर्यंत वेळ आहे’ हे जुन्या काळचं आहे, त्यावर विसंबू नका.

रीत अशी. बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि जमा कागदपत्रांची यादी घ्या. सोसायटीची ना हरकत घ्या, देखभाल थकली असेल तर ती आधी भरा. खरेदीदाराला बोजा लपवू नका. करारात लिहा की पैसा आधी थेट कर्जखात्यात जाईल, उरलेला तुम्हाला. खरेदीदाराचं स्वतःचं कर्ज असेल तर त्याची बँक तुमच्या बँकेच्या नावे डीडी काढते, पण एनपीए खातं पाहून बऱ्याच बँका मागे हटतात, त्यामुळे वेळ लागतो. साठाव्या दिवशी दलाल शोधून भागत नाही. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो, तो कोणी लावला तर लेखी हरकत घ्या.

भांडुप_पश्चिम:
आणि लिलाव झालाच तर? वरचे पैसे मिळतात का?

खातेवही:
मिळतात. आधी खर्च, मग कर्ज, उरेल ते कर्जदाराचं. कमी पडलं तर उरलेलं कर्ज मात्र तुमच्या डोक्यावर राहतं, बँक ते वेगळं वसूल करते. म्हणून राखीव किमतीवर, म्हणजे लिलावातल्या किमान किमतीवर, लक्ष ठेवा. बँकेच्या मूल्यांककाने भांडुपच्या फ्लॅटला सरकारी रेडी रेकनर दरापेक्षाही कमी धरलं असेल, तर स्वतः नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घेऊन लेखी हरकत द्या. विक्रीआधी ३० दिवसांची नोटीस तुम्हाला मिळायलाच हवी. लिलाव जिंकणारा २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरतो, बाकीचे विक्री पक्की झाल्यापासून १५ दिवसांत. ही मुदत लेखी वाढवता येते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही.

चाळ_नंबर_४:
दोन गोष्टी राहिल्या. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. शेजाऱ्यांना, ऑफिसात सांगत सुटले तर तारीख-वेळ लिहून आधी बँकेत तक्रार करा, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आणि कर्ज पतपेढीचं असेल तर वरचं गणित लागत नाही. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि वसुली अधिकारी येतो. सहकारी बँकेला मात्र सरफेसी लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून त्यात वाद उरलेला नाही. तुमची नोटीस कोणाची आहे?

भांडुप_पश्चिम:
सहकारी बँकेची. उद्या सकाळी खातेउतारा आणि शिल्लक रकमेचं पत्र मागायला जातेय.

लेखणी_ठाणे:
उतारा कर्ज घेतल्या दिवसापासूनचा मागा, शेवटच्या वर्षाचा नको. आणि दंडाचे रकाने आधी तपासा. नव्या कर्जांवर १ एप्रिल २०२४ पासून आणि जुन्या कर्जांवर उशिरात उशिरा ३० जून २०२४ पासून दंडाची रक्कम व्याजदरात मिसळता येत नाही, ती वेगळी दाखवावी लागते. मिसळलेली दिसली तर आक्षेपाच्या पत्रातला पहिला मुद्दा तोच घ्या.