मदत हवी आहे: कपड्यांच्या ब्रँडची नैतिक रेटिंग कशी वाचायची?

नमस्कार मंडळी,

२०१३ साली ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. त्या बातम्या मी विसरू शकलेले नाही. कपडे घेताना ते कोणी, कोणत्या हालात शिवले, हे कळावं असं मनापासून वाटतं. आता लेकीला कॉलेजसाठी कपडे घ्यायचेत, म्हणून नीट शोधायला बसले आणि गोंधळले.

‘गुड ऑन यू’ हे अ‍ॅप माणसं, पर्यावरण आणि प्राणी अशा तीन बाजूंनी ब्रँड तपासून पाच पायऱ्यांची श्रेणी देतं. पण त्यांचा आधार मुख्यतः जाहीर झालेली माहिती. मग मोठा अहवाल छापू शकणारी कंपनी वर आणि कामगारांना नीट वागवणारा, पण काहीच न छापणारा छोटा कारखाना खाली, असं होत नाही का? मँचेस्टरचं ‘एथिकल कन्झ्युमर’ हे नियतकालिक तर करचुकवेगिरीही मोजतं. समाज आणि पर्यावरणाबाबतच्या कामगिरीवर कंपन्यांना मिळणाऱ्या ‘बी कॉर्प’ प्रमाणपत्राला अनेक वर्षं २०० पैकी ८० गुण पुरायचे, म्हणजे पर्यावरणात कमावलेले गुण मजुरीतली उणीव झाकू शकत होते. मला हेच सर्वांत खटकतं.

आपल्याकडे सेबीने शेअर बाजारातल्या मोठ्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केलाय. तो कोणी वाचलाय का? त्यात कंत्राटी कामगार आणि मजुरीबद्दल नेमकं कुठे पाहायचं? आणि सूचिबद्ध नसलेल्या ब्रँडचं काय करता? दुकानात थेट विचारलं तर उत्तर मिळतं का?

कोणी वस्त्रोद्योगात किंवा ऑडिटमध्ये असेल तर जरूर सांगा.