१९९७ ची ८००, बॉनेटखालचा रंग घरीच मारायचाय

साताऱ्याची_८००
नमस्कार मंडळी. बाबांची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, पांढरी. सहा वर्षं शेडमध्ये पडून होती, दिवाळीत बाहेर काढली, कार्ब्युरेटर खोलून साफ केला, पेट्रोलचे पाईप नवे टाकले, ब्रेकचं काम केलं आणि आता रोज एमआयडीसीपर्यंत जाऊन येऊन आहे. बाहेरून बरी दिसते पण बॉनेट उघडलं की रडूच येतं. बॅटरीच्या ट्रेखाली रंगाचे पापुद्रे सुटलेत, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि सीटच्या मधल्या पत्र्यावर, तेल आणि धुळीचा असा काळा थर बसलाय की नखाने खरवडलं तर लोण्यासारखा नखात येतो.
एका गॅरेजवाल्याने इंजिन उतरवून रंगवायचे २२ हजार सांगितले. अहो, गाडी विकली तर तेवढे येतील का?
तर इंजिन न उतरवता घरी जमेल का? कंप्रेसर नाही, अंगण आहे आणि दोन रविवार आहेत. स्प्रे कॅन घेऊ की ब्रश? इंजिनला सिल्व्हर मारायचा विचार आहे. मेहुणा म्हणतो लाल सिलिकॉनचे पाईप आणि एलईडी पट्टी पण लाव, त्याचं काय करू तेही सांगा.

डेंटर_पेंटर_नाशिक
जमतं भाऊ, न जमायला काय झालं. पण दोन रविवारांपैकी पहिला अख्खा धुण्यात घालव, रंगाचा डबा उघडूच नको. आमच्याकडे घरी रंगवून बिघडलेल्या गाड्या येतात त्यातल्या बहुतेकांचा रंग चांगलाच असतो, खाली तेल राहिलेलं असतं. तेलावर रंग बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल खड्डे पडतात आणि तू वरून अजून जाड मारत बसतोस.
आधी बॅटरी काढ. नुसती वायर सोडवून ठेवू नको, बॅटरीच बाहेर. काही लोक पेट्रोल टाकून इंजिन धुतात आणि बॅटरी तशीच जोडलेली, हे मी डोळ्यांनी बघितलंय, हात जोडून सांगतो करू नको. डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटरचं तोंड आणि अल्टरनेटर यांना पिशव्या बांध, रबर बँड लाव. थर मऊ करायला रॉकेल किंवा डिझेल चालतं पण ते स्वतःच तेलकट, त्यामुळे नंतर डीग्रीझर, मग भांड्याच्या साबणाचं गरम पाणी, जुना टूथब्रश, आणि कोपऱ्यात घुसायला एक इंची ब्रशचे केस अर्धे कापून टाक म्हणजे तो कडक होतो. इंजिन गार असतानाच धू. वाळलं की पांढरं कापड फिरवून बघ, कापड काळं झालं तर परत पहिल्यापासून.
बॅटरी ट्रेखाली ॲसिड सांडलेलं असणार. खायचा सोडा पाण्यात कालवून ओत, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ओतत राहा, मग भरपूर पाणी. हे न करता प्रायमर मारलास तर गंज आतून चालूच राहील, पुढच्या पावसाळ्यात पापुद्रा हातात येईल. मोकळा गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घास, राहील त्याला रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवायचं रसायन), तो काळा पडून वाळला की २२० मग ३२०. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर. जिथे कंपनीचा रंग घट्ट आहे तिथे उगाच पत्र्यापर्यंत जाऊ नको, नुसती चमक मारून टाक, ४०० पाण्यातला पेपर पुरे.
कलरसाठी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून पेंटच्या दुकानात घेऊन जा. पांढरा म्हणजे पांढरा नसतो, एवढ्या वर्षांत तो पिवळसर झालेला असतो, दुकानदार त्याला बघून शेड बनवतो आणि कॅनमध्ये भरूनही देतो. तीन-चार कॅन लागतील. एक राहिलेला बरा, मधेच संपला तर शेड जुळवणं डोकेदुखी.
आणि हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरी मारू नको. त्यात आयसोसायनेट असतं, साधा मास्क त्याला पुरत नाही, एकदा दम्यासारखं सुरू झालं की जात नाही. आमच्या लाईनमधला एक माणूस त्यापायी काम सोडून बसलाय.

पद्मिनीची_पोर
दादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त माझं शहाणपण सांगते. आमची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, बाबा आणि मी मिळून केली. मी एवढी हौशी की अर्थिंगची पट्टी जिथे बॉडीला बसते तिथेही छान तीन कोट मारले. बोल्ट आवळला, सेल्फ मारला, नुसती टकटक. परत मारला. बाबा ओरडले, चोकची केबल बघ! केबलमधून धूर. झालं काय की स्टार्टरला जायचा एवढा मोठा करंट, त्याला परत यायला पट्टीची वाट बंद, मग तो चोकच्या बारीक तारेतून जायला लागला. नशीब लगेच हात काढला. तर अर्थिंगच्या सगळ्या जागांना आधी मास्किंग टेप, आणि जोडून झालं की वरून व्हॅसलिन.
दुसरं, चेसिस नंबर कोरलाय ती जागा झाक. १५ वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं असतं, तेव्हा नंबरचा पेन्सिलने छाप घेतात. जाड रंग बसला तर छाप नीट उठत नाही आणि मग आरटीओत उभं राहून पॉलिश पेपरने घासायची वेळ. इंजिन नंबरचंही तेच, आणि कंपनीची छोटी पत्र्याची पाटी असेल तर तीपण.
मास्किंगला वेड्यावाकड्या वस्तूंवर पेपर चिकटवत बसू नका, पोळ्या गुंडाळायची फॉइल घ्या. दाबली की बसते, टेपही लागत नाही.
ब्रश की कॅन? मी दोन्ही केलं. फायरवॉलच्या मागच्या कोपऱ्यात कॅन आडवा होतच नाही, तिथे एका वाटीत फवारून बारीक ब्रशने लावला. कुणाला कळलं नाही अजून.

जुना_फिटर
मी तीस वर्षं इंजिनं खोलली. माझं मत विचारशील तर रंगच मारू नको. धू, पूस, गंज असेल तिथे तेवढा हात फिरव आणि सोड. गॅरेजात चकचकीत इंजिन आलं की आम्ही आधी विचारायचो काय लपवलंय.
बरं मारायचाच तर आधी गळती शोध. धुतल्यावर १०० किलोमीटर चालव आणि रात्री खाली वर्तमानपत्र अंथर. सकाळी डाग कुठे, कसला ते बघ. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग झिरपत असेल तर ते कव्हर काढायचंच आहे, मग ओट्यावर घेऊन आरामात रंगव. गळत्या पॅकिंगवर रंग म्हणजे फोडावर पावडर.
सिल्व्हरचं म्हणशील तर ६०० डिग्रीवाला सिल्व्हर सगळीकडे थापतात लोक. तो मॅनिफोल्डसाठी, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळ्यांसाठी. गरम करून भाजल्याशिवाय तो पक्का होत नाही. ब्लॉक चालतो ९०-१०० डिग्रीला, तिथे तो नीट भाजलाच जात नाही, बोट लावलं की बोट चंदेरी आणि पेट्रोल सांडलं की वाहून जातो. ब्लॉकला साधा इंजिन इनॅमल. रेडिएटरला हात लावू नको, जाळीत रंग भरला की उन्हाळ्यात तापमानाचा काटा वर.

रात्रपाळी
मेहुण्याला सांगा लाल सिलिकॉन पाण्याच्या पाईपला ठीक आहे, पेट्रोलला अजिबात नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं आणि त्यातून पेट्रोल झिरपतं. पेट्रोलला पेट्रोलचाच पाईप. एलईडी पट्टी उन्हाळ्यात तिसऱ्या आठवड्यात सुटून फॅनबेल्टमध्ये जाते, अनुभव आहे, विचारू नका.
पैसे घालवायचेच तर वायरिंगवर घाला. जुनी इन्शुलेशन टेप काढा, ती वितळून डिंक झालेली असते, कापडी टेप गुंडाळा, वरून काळा पन्हाळीचा फ्लेक्सिबल पाईप, आणि क्लिपा सरळ रेषेत. शंभर दोनशे रुपयांत गाडी नवी दिसते. रबरला चमक आणणारा स्प्रे बेल्टवर उडू देऊ नका, बेल्ट किंचाळतो. आणि त्या चिकट चमकीवर साताऱ्याची धूळ दोन दिवसात बसेल ती वेगळी.

साताऱ्याची_८००
सगळ्यांचे आभार, दोन रविवारांचे चार झाले पण केलं.
फिटरकाका, वर्तमानपत्र अंथरलं तर टॅपेट कव्हर कोरडं निघालं, डाग होता ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या बरोबर खाली. म्हणजे तिथला पत्रा गंजला म्हणून रंग सुटलेला नव्हता, ब्रेक ऑइलने रंग उचलला होता, हात लावला तर ओल्या कागदासारखा सुरकुतून निघाला. मीच नोव्हेंबरमध्ये भरताना सांडलं असेल म्हणून पुसून परत बघितलं, तर नाही, सिलिंडरच झिरपतोय. नवा टाकला. रंगवायला बसलो नसतो तर ब्रेकच गेला असता एखाद दिवशी.
सोडा ओतला तेव्हा ट्रे उकळल्यासारखा फसफसला, तीनदा ओतावा लागला. ट्रेखाली दहाच्या नाण्याएवढं भोक सापडलं, ते वेल्डिंगवाल्याकडून बंद केलं, ऐंशी रुपये.
पांढरा चार कॅन गेले. एका ठिकाणी ओघळ आलाय, डाव्या बाजूला, तो मुद्दाम फोटोत घेतला नाही. सिल्व्हर रद्द. एलईडी रद्द, मेहुणा रुसलाय.
बाबांना दाखवायला बॉनेट उघडलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, डिपस्टिक काढली, हात बॅटरीच्या बाजूला नेला आणि म्हणाले, इथलं फडकं कुठे टाकलंस?