मदत हवी आहे: साथीच्या मॉडेलमधून जिल्ह्याच्या खाटा आणि ऑक्सिजनचा अंदाज

गोदाकाठ
एका जिल्ह्यासाठी श्वसनाच्या साथीचं एसईआयआर मॉडेल (लोकांचे लागण होऊ शकणारे, लागण होऊन अजून न पसरवणारे, पसरवणारे आणि बरे झालेले असे कप्पे करणारं) एक्सेलमध्ये बसवलं आहे. लागण झालेल्यांपैकी ठरावीक टक्के वॉर्डात, त्यातले काही आयसीयूत, सरासरी मुक्काम ९ दिवस, गणिताची पायरी १ दिवसाची. कोविडच्या २०२१ च्या दुसऱ्या लाटेशी ताडून पाहता तीन ठिकाणी अडतं आहे:

१) लाट चढताना भरलेल्या खाटा प्रत्यक्षापेक्षा कमी येतात, उतरताना मात्र शेपूट संपता संपत नाही.
२) वॉर्डात ६०० आणि आयसीयूत १०० रुग्ण धरले, तर ऑक्सिजन कधी १० टन निघतो, कधी १६. कोणता आकडा धरायचा?
३) रोजच्या वापरावरून मागणी नोंदवली की साठा एकदा तळाला जातो, मग एकदम टाकीत मावत नाही.

सह्यकडा
पहिल्याचं कारण मुक्कामाच्या गणितात आहे. रोज १/९ रुग्ण बाहेर काढले की सरासरी ९ दिवस येते खरी, पण त्या हिशेबात साधारण ११ टक्के रुग्ण पहिल्याच दिवशी घरी जातात आणि काही महिनाभर पडून राहतात. ऑक्सिजनवरचा माणूस असा कधी जात नाही. वॉर्डाचे एकामागोमाग तीन कप्पे करा, प्रत्येकाचा मुक्काम ३ दिवस. सरासरी तीच राहते, पण पहिल्या दिवशी जाणारे अर्ध्या टक्क्यावर येतात. रुग्ण रोज १० टक्क्यांनी वाढत असतील तर एवढ्या एका बदलाने खाटांची गरज सुमारे १५ टक्के वर जाते. पायरीही पाव दिवसाची करा, ३ दिवसांच्या कप्प्याला १ दिवसाची पायरी फार ढोबळ होते.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं आहे. मॉडेल बाधितांच्या आकड्यावर बसवू नका, तपासणीची क्षमता संपली की तो आकडा सपाट होतो. दाखल होणाऱ्यांवर बसवा, तेही खाटा भरल्या त्या दिवसापर्यंतच. त्यानंतर रोजचे दाखल म्हणजे रोज रिकाम्या झालेल्या खाटा, गरज त्यात दिसतच नाही. मॉडेलमध्येही खाटांना कमाल मर्यादा घाला आणि बाहेरच्या प्रतीक्षेचा वेगळा कप्पा ठेवा. आयसीयू भरला की तिथे जायला हवा असलेला रुग्ण वॉर्डाची खाट अडवतो, म्हणून वॉर्डही लवकर भरतो. ही साखळी नसेल तर आयसीयूच्या १० जादा खाटांचा खरा उपयोग मॉडेल दाखवणारच नाही.

वायुवाहिनी
दुसऱ्याचं उत्तर वॉर्डातल्या किती जणांना ऑक्सिजन लागतो यात आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या सूत्रात आयसीयूच्या खाटेला मिनिटाला २४ लिटर आणि वॉर्डातल्या निम्म्याच खाटांना १० लिटर धरले होते. दिल्लीला किती ऑक्सिजन लागतो हा वाद मुख्यतः त्या निम्म्यावरच होता. तुमच्या आकड्यांवर:

निम्मा वॉर्ड: ३००० + २४०० = ५४०० लिटर प्रति मिनिट, दिवसाला ७७७६ घनमीटर, म्हणजे १०.४ टन.
पूर्ण वॉर्ड: ८४०० लिटर प्रति मिनिट, दिवसाला १२,०९६ घनमीटर, म्हणजे १६.१ टन.

(१ टन द्रव ऑक्सिजनचा साधारण ७५० घनमीटर वायू धरला आहे.) मधला आकडा घेऊ नका. सौम्य रुग्ण कोविड केंद्रात पाठवत असाल, तर वॉर्डात उरणारे जवळजवळ सगळे ऑक्सिजनवरच असतात, तेव्हा १६ धरा. हाय फ्लोचे (नाकातून खूप मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन दिले जाणारे) रुग्ण वेगळे मोजा: ५० लिटर प्रवाह आणि ८० टक्के ऑक्सिजन असेल तर शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला ३७ लिटर जातो, म्हणजे एका रुग्णाला दिवसाला ७ घनमीटरचे जवळपास ८ जंबो सिलिंडर.

साठ्याबरोबर प्रवाहाचीही मर्यादा घाला. टाकी भरलेली असूनही व्हेपोरायझर (द्रव ऑक्सिजनचा वायू करणारं यंत्र) क्षमतेपलीकडे चालवला की त्यावर बर्फ चढतो आणि शेवटच्या वॉर्डात दाब पडतो. टनांच्या हिशेबात हे दिसत नाही.

सह्यकडा
तिसरं: वाटेत असलेला माल तुमच्या सूत्रात नाही, त्यामुळे तोच तुटवडा रोज नव्याने मागवला जातो. असं करा:

मागणी = अपेक्षित रोजचा वापर + (लक्ष्य साठा + वाटेत असायला हवा तो माल − हातातला साठा − वाटेतला माल) ÷ ३

वाटेत असायला हवा तो माल म्हणजे रोजचा वापर गुणिले पोचायला लागणारे दिवस. ३ ने भागल्यामुळे तूट तीन दिवसांत भरते, एकदम उसळी येत नाही. अपेक्षित वापर मात्र कालचा घेऊ नका, टँकर पोचेल त्या दिवसाचा मॉडेलमधून घ्या.

गोदाकाठ
कप्पे आणि सूत्र दोन्ही बदलतो. टँकर किती धरावेत?

वायुवाहिनी
रोजचे टन गुणिले पूर्ण फेरीचे दिवस, भागिले टँकरची क्षमता. रोज १६ टन, जाऊन-येऊन ५ दिवस आणि १६ टनी टँकर असेल तर ५ लागतात, शिवाय एक राखीव. फेरीत रिकामं जाणं आणि भरायची रांगही धरा. पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस (टँकर वाहून नेणारी रेल्वेगाडी) १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून ७ रिकामे टँकर घेऊन निघाली आणि विशाखापट्टणमला भरून नाशिकला पोचली ती २४ तारखेला. नकाशावरचं अंतर भागिले वेग करून फेरी दोन दिवसांची धरली असती, तर निम्मे टँकरही पुरेसे वाटले असते.