'आंतरछेदिता' की आणखी काही?

अनुस्वार: एका प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'इंटरसेक्शनॅलिटी' (लिंग, वंश, अपंगत्व अशा ओळखी एकाच माणसात एकत्र आल्या की होणारा वेगळाच अन्याय) यासाठी 'आंतरछेदिता' लिहिलं. तपासनिसांनी शेरा मारला, 'भूमिती नको, सरळ "दुहेरी भेदभाव" करा.' ते पटत नाही, पण माझा शब्दही घशात अडकतो. शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

वाटसरू: तपासनीस बरोबर आहेत. बाई म्हणून एक जाच, काळी म्हणून दुसरा. झाले की दोन.

रफार: दोन होत नाहीत, हीच तर गोम आहे. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉबाईंनी १९८९ मध्ये हा शब्द मांडला तो बेरजेसाठी नव्हे. जनरल मोटर्सवर पाच कृष्णवर्णीय बायकांनी खटला भरला होता, त्याचा १९७६चा निकाल त्यांनी उलगडून दाखवला. कंपनीने १९६४पर्यंत एकही कृष्णवर्णीय बाई घेतली नव्हती. पुढे मंदीत 'जो शेवटी आला तो आधी जाईल' या नियमाने कपात झाली आणि १९७०नंतर लागलेल्या या सगळ्याजणी गेल्या. कोर्ट म्हणालं, कंपनी बायका घेतच होती (म्हणजे गोऱ्या!), तेव्हा लिंगभेद नाही. वंशभेदाचं दुसऱ्या खटल्यात बघा. दोन्ही एकत्र करून नवा दावा चालायचा नाही.

पोटफोड्या ष: इकडे आड, तिकडे विहीर. घ्या, मराठी शब्द मिळाला.

वाटसरू: पुस्तिकेत 'आडविहीरता' छापणार का?

उंबरठा: हसा. मी व्हीलचेअर वापरते. एका नोकरीत बायकांचं स्वच्छतागृह दोन पायऱ्या वर होतं. रुंद दाराचं एकच, तेही पुरुषांच्या बाजूला, आणि कडी मोडकी. महिला समिती म्हणाली, हा अपंगांचा विषय. अपंग कक्ष म्हणाला, बाकी कुणाची तक्रार नाही. बाकी सगळे पुरुष होते! मी दिवसभर पाणी प्यायचं टाळायचे. याला 'दुहेरी' कसं म्हणू? पायऱ्या चढू शकणाऱ्या बायकांना हा त्रास नव्हता आणि चाकाच्या खुर्चीतल्या पुरुषांनाही नव्हता.

रफार: शाळेतला छेद संच आठवा. दोन्ही वर्तुळांत असलेला भाग, पण दोन्ही समित्यांना तो आपला वाटत नाही. म्हणून 'छेद' योग्यच.

पोटफोड्या ष: गणितात योग्य. पण मराठीत एखाद्या मताला 'छेद देणे' म्हणजे ते खोडणे. 'ओळखी एकमेकींना छेदतात' वाचून वाटतं, एकीने दुसरी रद्द झाली. मी 'पीळ' सुचवतो. दोरीचे पदर दिसतात वेगळे, पण काच बसतो तो अख्ख्या दोरीचा.

अनुस्वार: 'पीळ' आवडला! पण विशेषण काय करायचं? 'पीळदार भेदभाव'?

वाटसरू: व्यायामशाळेची जाहिरात वाटेल. इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवा. 'टेबल' पचलं, हेही पचेल.

जुनी वही: शब्द नव्हता तेव्हाही गोष्ट कळत होतीच. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिलं. त्यात बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसल्याचं आहे. घर त्यांच्या पुरुषांनाही नव्हतं, पण पावसात बाळंत व्हायची वेळ पुरुषावर येत नाही. तिला परिभाषा लागली नाही.

रफार: तिला लागली नाही, कोर्टाला लागली. नाव नसलं की अर्जात रकाना नसतो.

शुद्धिपत्र: मूळ शब्दच चुकलाय. 'अंतर्' आणि 'छेद' यांचा संधी 'अंतश्छेद' होईल.

रफार: 'अंतर्' म्हणजे आतला. इथे परस्परांमधला हवा, म्हणून 'आंतर'. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय.

शुद्धिपत्र: मग निम्मी वर्तमानपत्रं 'अंतरराष्ट्रीय' छापतात ती?

रफार: चूक छापतात.

वाटसरू: रूढ झालं की चूक कसली?

अनुस्वार: मंडळी, शुक्रवार...

शुद्धिपत्र: थांबा हो, आधी हा 'आ' मिटवू.