नवी इलेक्ट्रिक सीएलए: थांबू की दुसरी घेऊ?

गोदाकाठ: नमस्कार. महिन्यातून चारदा नाशिक–पुणे, वर्षातून दोनदा समृद्धीने नागपूर. बजेट ६५ लाख, ऑन-रोड, त्याच्या वर एक रुपया नाही. मर्सिडीजची नवी इलेक्ट्रिक सीएलए इकडे यायची वाट बघतोय. ८५ किलोवॉट-तासांची बॅटरी, २७२ हॉर्सपॉवर, आणि मागच्या मोटरला चक्क दोन गिअर! हायवेवर मोटर उगाच गरगरणार नाही, मला तेच सगळ्यात आवडलंय. प्रश्न बाबांचा. वय ७६, गुडघे दुखतात, मागेच बसतात. थांबू का?

चाकणकर: मागे बसणारा माणूस महत्त्वाचा ना? मग मर्सिडीजचीच ई-क्लास. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३०९४ मिमी. माझ्या आईला मागे गाढ झोप लागते. आमच्या चाकणलाच बनते ती.

गोदाकाठ: दादा, ती एक्स-शोरूमच ६५ च्या पुढे आहे.

चाकणकर: दहा वर्षं वापरणार ना? हप्ता वाढवा.

हायब्रीडवाला: टोयोटाची हायब्रीड कॅम्री घ्या. ४८ लाखांना आली तेव्हाच घेतली. घाटात, एसी लावून १९ देते. उरलेल्या पैशांत शेताला कुंपण झालं.

वऱ्हाडी_पाटील: सीएलए एका चार्जवर ७९२ किमी जाते म्हणतात, तो डब्ल्यूएलटीपीचा, म्हणजे ठरावीक चाचणीतला आकडा, तोही सगळ्यात वरचा. मे महिन्यात समृद्धीवर १२० ने चालवून बघा. माझ्या ईव्हीला सांगितलेल्याच्या दोन तृतीयांश मिळतात.

गोदाकाठ: पण हिचा ड्रॅग, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा आकडा, फक्त ०.२१ आहे. १२० ला त्याचाच फायदा.

वऱ्हाडी_पाटील: फायदा आहेच, पण ऊन आणि एसी कुठे जातात? बाकी ईव्हीला समृद्धीवर टोल माफ आहे, तो हिशेबात धरा.

ठिणगी: महत्त्वाचं राहिलंच. ही ८०० व्होल्टची गाडी. १० मिनिटांत ३२५ किमीची भर म्हणतात ती ३२० किलोवॉटच्या चार्जरवर. युरोपात सुरुवातीला आलेल्या गाड्या ४०० व्होल्टच्या डीसी चार्जरवर चार्जच होत नव्हत्या. आपल्याकडच्या गाडीचं काय, ते बुकिंगआधी लेखी घ्या. आणि तुमच्या वाटेवरच्या प्रत्येक चार्जरच्या पाटीवर कमाल व्होल्टेज किती लिहिलंय ते बघून या.

सायली_नाशिक: बाबांना आधी बसवून बघा. खाली बॅटरी असली की मागची फरशी वर येते, मांड्या टेकत नाहीत. आमच्या इलेक्ट्रिक सेडानमधून सासऱ्यांना उतरवायला दोघं लागतात. पुढच्या वेळी मी एसयूव्हीच घेणार.

चाकणकर: म्हणूनच म्हणतोय, ई-क्लास.

हायब्रीडवाला: कॅम्रीतही मागे ऐसपैस जागा आहे.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. काल मित्राच्या इलेक्ट्रिक सेडानमध्ये बाबांना अर्धा तास बसवलं. सायलीताई, तुमचं खरं निघालं, मागे गुडघे वर राहतात. मग पुढे बसवलं, सीट पार मागे घेतली, तर आपले आपण उतरले. आई म्हणाली, मी बसते मागे. तेव्हा सीएलएसाठी थांबतोय. ठिणगी, वाटेवरचे दोन चार्जर बघून आलो. एकाच्या पाटीवर कमाल १००० व्होल्ट, दुसऱ्याच्या ५००, म्हणजे दुसऱ्यावर ही ८०० व्होल्टची गाडी चार्ज होईल का, तेच लेखी विचारायचं. नारायणगावच्या बाजूचे रविवारी बघतो.